उमऱ्याच्या खर्चाचा हिशेब

मक्केला जावं, काबा डोळ्यांनी पाहावा, ही इच्छा मुसलमान घरात लहानपणापासून असते. कित्येक घरांत म्हातारी माणसं त्यासाठी पै-पै बाजूला टाकत आलेली आहेत. पण इच्छा वेगळी आणि हिशेब वेगळा. ह्या पाठात आम्ही हिशेबाचं बोलणार आहोत. वही आणि पेन्सिल जवळ घेऊन बसा. तुम्हांला आता अक्षर येतं, आकडे मांडता येतात. मग हा हिशेब दुसऱ्याकडून का करून घ्यायचा?

आधी हज आणि उमरा यांतला फरक समजून घेऊ. हज वर्षातून एकदाच होतो, बकरी ईदच्या दिवसांत. भारतातून हजला जायचं तर हज कमिटीकडे अर्ज करावा लागतो, नाहीतर सरकारने मान्यता दिलेल्या खाजगी कंपनीमार्फत जावं लागतं. आपणच तिकीट काढलं आणि गेलो, असं हजला चालत नाही. परवान्यावाचून हज करणाऱ्याला 2025 साली सौदी सरकारने 20,000 रियालपर्यंत दंड ठेवला होता. म्हणून 'कमी पैशांत मागच्या दाराने हज घडवतो' असं कुणी सांगत आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

उमरा म्हणजे लहान यात्रा. एहराम बांधायचा, काब्याभोवती सात फेरे घालायचे, सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा चालायचं, मग केस कापायचे. त्यात कुर्बानी नाही. हजचे दिवस सोडून एरवी तो करता येतो. बेत आपला आपण आखायचा तो ह्या उमऱ्याचा.

पूर्वी मुंबईहून हाजी लोकांची जहाजं जेद्दाला जात. आठवड्याहून जास्त दिवस समुद्रात काढावे लागत. 1995 नंतर ती बंद झाली. हजच्या विमानभाड्याला सरकार जी सूट देई, तीही 2018 पासून बंद आहे. उमऱ्याला सरकारी सूट मिळत नाही. तेव्हा सगळा खर्च आपल्याच कनवटीचा, हे धरून चालायचं.

वहीचं पहिलं पान तिकिटाचं नाही. पहिलं पान घराचं. ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच हज फर्ज आहे, असं धर्मच सांगतो. ऐपत म्हणजे खिशात तिकिटाचे पैसे असणं एवढंच नव्हे. मागे राहिलेल्यांचं पोट भरलं पाहिजे, देणं फिटलेलं पाहिजे. मग उमऱ्यासाठी तर हे जास्तच पाहायला हवं. पंढरीला निघणारा वारकरीसुद्धा जमलं तर पेरणी उरकूनच निघतो. म्हणून पहिल्या पानावर लिहा: सोसायटीचं कर्ज किती बाकी आहे, वाण्याची उधारी किती, पोरांच्या फीची तारीख कोणती, आणि आपण नसताना घरात रोज किती लागतं. एवढं बाजूला काढून जे उरतं, ते यात्रेचं. दागिना गहाण टाकून उमऱ्याला जाणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. परत आल्यावर दोन-दोन वर्षं ती फक्त हप्ते भरत बसतात. आम्हांला हे बरं वाटत नाही.

आता कधी जायचं, ते ठरवू. इस्लामी वर्ष चांद्र असतं. दर साली ते सुमारे अकरा दिवस आधी येतं. म्हणून रमजान कधी थंडीत, कधी उन्हाळ्यात पडतो. रमजानमध्ये मक्केत सगळ्यांत जास्त गर्दी, आणि शेवटच्या दहा दिवसांत खोल्यांचे भाव सगळ्यांत चढे. शाळांच्या सुट्टीत विमानाचं भाडंही वाढतं. हजच्या आधी काही आठवडे उमऱ्याचे व्हिसे थांबवतात, हज झाल्यावर पुन्हा सुरू होतात. त्या वेळी भाव बरेच उतरलेले असतात. 2025 साली हज जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला. कोकणात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. मच्छीमार घराला असे दिवस सोयीचे. पण मक्केत तेव्हा ऊन चाळीस अंशांच्या वर जातं. तरुण माणूस ते सोसेल. म्हाताऱ्या आईला नेणार असाल तर चार पैसे जास्त मोजा आणि थंडीत जा.

यानंतर येतो रियाल. सौदीचं चलन रियाल. 1986 पासून पावणेचार रियाल म्हणजे एक डॉलर, असा भाव बांधलेला आहे. म्हणजे डॉलर महागला की आपल्याला रियालही महाग पडतो. 2025 साली एक रियाल सुमारे साडेबावीस ते चोवीस रुपयांना पडत होता. ह्या पाठात आम्ही 24 रुपये धरले आहेत. तुम्ही हिशेब कराल त्या दिवशीचा भाव बँकेत विचारून घ्या.

खोलीच्या बाबतीत बहुतेक लोक फसतात, म्हणून इथे जरा थांबू. मक्केत मशिदीच्या जवळ खोली महाग, लांब गेलं की स्वस्त. समजा, जवळची खोली रात्रीला 180 रियाल आणि लांबची 110 रियाल. वरवर पाहता 70 रियाल वाचले. पण नमाजाला लांबून यायचं कसं? मक्का डोंगरांतलं गाव, रस्ते चढाचे. दिवसातून दोनदा जाणं-येणं म्हटलं, तरी टॅक्सीच्या चार खेपा झाल्या. खेपेला 15 रियाल धरले तर 60 रियाल झाले. हातात उरले दहा! म्हणजे 240 रुपयांसाठी आपण दिवसभर टॅक्सी शोधत फिरलो. लांबच्या काही हॉटेलांची स्वतःची बस असते. ती फुकट आहे का, किती वाजता सुटते, रात्री चालते का, हे आधी लिहून मागवा. बस असेल तर लांबची खोली खरोखर स्वस्त पडते. आणखी एक. तिथे खोलीच्या भाड्यावर 15 टक्के कर आहे. सांगितलेला भाव कर धरून की सोडून, ते विचारा.

मदिनेत मशिदीच्या आसपासची जमीन बरीचशी सपाट आहे. तिथे थोडं लांब राहिलं तरी पायी जमतं.

प्रवासातही एक खेप वाचवता येते. जेद्दाला उतरायचं, मक्केला जायचं, तिथून मदिनेला, आणि परत जेद्दाला, असं बरेच जण करतात. त्यापेक्षा मदिनेत उतरायचं, आणि मक्का करून जेद्दाहून परतायचं असं तिकीट मिळतं का, ते पाहा. मदिना ते मक्का साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. एवढी एक फेरी कमी होते. मदिनेच्या वाटेने गेलं तर एहराम गावाबाहेरच्या जुल-हुलैफा इथे बांधतात, त्यामुळे विमानात कपडे बदलण्याची धांदलही टळते. 2018 पासून या दोन गावांमध्ये वेगवान आगगाडी धावते. ती अडीच तासांच्या आत पोचवते. बसला वेळ जास्त, भाडं कमी.

आता सगळं एका पानावर मांडू. समजा, रत्नागिरीकडचं एक जोडपं पंधरा दिवसांसाठी निघालं आहे. सहा रात्री मदिनेत, आठ रात्री मक्केत. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण रकाने हेच राहतील.

घर ते मुंबई, जाणं-येणं: 4,000
दोघांचे पासपोर्ट, 1,500 प्रमाणे: 3,000
लस, औषधं, कागदपत्रं: 8,000
दोघांचा व्हिसा आणि विमा: 28,000
विमानाची दोन तिकिटं: 70,000
मक्केची खोली, 8 रात्री, 180 रियालने. मदिनेची, 6 रात्री, 130 रियालने. मिळून 2,220 रियाल: 53,280
जेवण-चहा, माणशी रोज 25 रियाल: 18,000
तिथला प्रवास, 400 रियाल: 9,600
एहराम, कपडे, बॅगा: 4,000
बेरीज: 1,97,880 रुपये

ह्यात राखीव म्हणून 20,000 घाला. एकूण 2,17,880 झाले. राखीव पैशाला हात लावायचा नाही. कुणी आजारी पडलं, विमान चुकलं, तरच तो काढायचा. गुडघे दुखत असतील तर चाकाच्या खुर्चीचेही पैसे वेगळे ठेवा. सफा-मरवामधल्या सात खेपा मिळून तीन किलोमीटरांच्या वर चाल होते. मशिदीच्या आवारात फुकट खुर्च्याही मिळतात, पण ढकलणारा माणूस लावला तर त्याला पैसे द्यावे लागतात. काब्याच्या दर्शनाला, फेऱ्यांना, जमजमच्या पाण्याला तिथे एक रियालही लागत नाही. कुणी मागितला तर देऊ नका.

लस मेनिंजायटिस नावाच्या मेंदूच्या तापावरची. ती टोचल्याचा दाखला लागतो. पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक असू द्या.

व्हिसाचं काम बहुतेक लोक एजंटाकडूनच करून घेतात, बाकी बेत स्वतः आखला तरीही. त्यात गैर काही नाही. एजंट सगळ्या यात्रेचाही एकगठ्ठा भाव सांगतो. तो भाव आपल्या वहीतल्या बेरजेशेजारी लिहा आणि मग ठरवा. कधी कधी एजंटाचाच भाव कमी निघतो, कारण तो एका खोलीत चार-पाच जण ठेवतो. तुम्हांला ते चालतं का, हा प्रश्न आहे. पैसे देताना पावती घ्याच. पावतीवर रक्कम, तारीख, हॉटेलाचं नाव, मशिदीपासूनचं अंतर आणि परतीच्या तिकिटाची तारीख लिहून घ्या. व्हिसा हातात आला की आपलं नाव पासपोर्टावरच्या नावाशी एकेक अक्षर ताडून पाहा. 'साहेब, मला वाचता येत नाही' असं म्हणायचे दिवस आता गेले ना?

आता त्या खर्चाकडे वळू, जो कुणीच लिहीत नाही. निघायच्या आधी गावजेवण. मग हार, पेढे, आणि विमानतळावर पोचवायला दोन जीपा भरून माणसं. परत आल्यावर पुन्हा जेवण. शिवाय प्रत्येक घरी खजूर, जमजमचं पाणी, टोपी, तसबीह, जानमाज. चाळीस घरांना प्रत्येकी दोनशे रुपयांची भेट म्हटली, तरी आठ हजार झाले. जेवणाचे तर विचारूच नका. आम्ही एका घरचा हिशेब पाहिला, तर निरोपाचा आणि स्वागताचा खर्च मिळून एका माणसाच्या विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त होता. लोकांचं प्रेम आम्हांलाही कळतं. पण हे सगळं उमऱ्याचा भाग नाही, रिवाजाचा आहे. एकदा घरच्या मोठ्या माणसांना बसवून वही दाखवा. 'चाचा, एवढेच पैसे आहेत, जेवण घालू की अम्मीला सोबत नेऊ?' असं विचारलं की बहुतेक चाचा समजतात. खजूर मात्र आणा. मोठा डबा घेतला तर घरोघर चार-चार दाणे पोचतात, आणि त्यात सगळ्यांना आनंद असतो.

एवढे पैसे जमवायचे कसे? मलेशिया देशात पूर्वी खेड्यातले लोक जमीन आणि गुरं विकून हजला जात, आणि परत येऊन गरीब होत. 1959 साली उंगकू अझीझ नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर उपाय सुचवला. 1963 साली तिथे खास यात्रेकरूंसाठी बचतीची संस्था निघाली. शेतकरी, कोळी तिच्यात थोडे थोडे पैसे टाकू लागले. व्याज नाही, पण संस्थेने धंद्यात जो नफा मिळवला त्यातला वाटा मिळे. ती संस्था आजही चालू आहे. आपल्या गावात तशी सोय नाही. पण वरच्या जोडप्याने महिन्याला 5,000 टाकले, तर 44 महिन्यांत, म्हणजे तीन वर्षं आठ महिन्यांत रक्कम होते. तोवर भाव वाढतात, म्हणून दरवर्षी हिशेब नव्याने मांडावा. ज्यांना व्याज नको असतं ते बँकेत चालू खातं उघडतात. त्यावर व्याज लागत नाही, पण खात्यात कमीत कमी किती शिल्लक ठेवावी लागते ते आधी विचारून घ्यावं. भिशीत मात्र सगळे पैसे अडकवू नका. भिशी फुटली की दाद कुठे मागणार?

निघताना रियाल बँकेतून किंवा परवाना असलेल्या दुकानातून घ्या, पावतीसकट. सगळे एका पाकिटात ठेवू नका. थोडे नवऱ्याकडे, थोडे बायकोकडे. घरून चटणी-लोणचं नेलं तर जेवणाचे पैसे वाचतात. तिथल्या हिंदुस्तानी-पाकिस्तानी खानावळींत भाताचं एक मोठं ताट दोघांना पुरतं. पण एक ध्यानात ठेवा: खसखस नेऊ नका, आणि खसखस घातलेला घरचा मसालाही नेऊ नका. सौदीत खशखशीला बंदी आहे. तिथे ती अफूच्या जातीतली म्हणून धरतात, आणि शिक्षा कडक असते. रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह ठेवा.

तिथे रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं वही उघडा. आज किती रियाल गेले, किती उरले, ते लिहा. तीन दिवसांतच कळतं की पैसा कुठे गळतो आहे. बहुधा तो बाजारात गळतो, जेवणात नाही. परत निघताना नोटा उरल्या तर मुंबईत बदलून मिळतात. सुटी नाणी मात्र सहसा कुणी घेत नाही. ती जेद्दाच्या विमानतळावर चहाला वापरून टाका.