डिकीचे दार तिरके बसते? आधी कारण शोधा, मग पाना उचला

मोटारीचे पुढचे दार नीट लागले नाही, तर ते लगेच ध्यानात येते. वाऱ्याचा आवाज येतो, शेजारी बसलेला माणूस टोकतो. डिकीच्या दाराचे तसे नाही. ते एका बाजूने दोन-तीन मिलिमीटर उतरले तरी कुलूप लागते, गाडी चालते आणि ‘जरा जोरात आपटले की बसते’ एवढ्यावर मालक समाधान मानतो. प्रत्यक्षात प्रत्येक आपटण्याबरोबर हा दोष वाढत जातो. सुरुवातीलाच लक्ष दिले, तर तो घरच्या घरी, तासा-दोन तासांत आणि जवळजवळ विनाखर्च दूर करता येतो.

अॅम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात डिकीला नुसते झाकण असे. पुढे काचेसकट वर उचलले जाणारे मागचे दार मध्यमवर्गीय घरांत सर्रास दिसू लागले. भडगावसारख्या गिरणाकाठच्या तालुक्याच्या गावी तर अशी मोटार घरची सवारी असते आणि वेळप्रसंगी मालवाहूही. खताची गोणी, पाण्याचे जार, फवारणीचा पंप, लग्नसराईतली भांडी, सारे मागूनच चढते. सामान मावले नाही की दार दोरीने बांधून अर्धवट उघडे ठेवले जाते. शेतरस्त्यांचे धक्के आणि त्यावर हा भार, यामुळे दार हळूहळू जागा सोडते. अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी जळगाव गाठायचे म्हणजे दिवस मोडतो, म्हणून काम पुढे ढकलले जाते.

धोका दिसत नाही, तो असतो

दार तिरके बसल्याने गाडीची शोभा जाते, ही त्यातली सर्वांत किरकोळ बाब. धावत्या मोटारीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तेथे हवा भोवऱ्यासारखी फिरत राहते. रस्त्यावरची धूळ मागच्या काचेवर चिकटते ती यामुळेच. मागच्या दाराला फट असेल, तर हीच धूळ आत खेचली जाते आणि तिच्याबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूरही. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ऑक्सिजनची जागा तो घेतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, झापड येणे ही त्याची लक्षणे. प्रवासाचा शीण समजून त्यांकडे सहज दुर्लक्ष होते. मागच्या सीटवर झोपलेल्या लहान मुलांना हा त्रास अधिक जाणवू शकतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे धूर बराच स्वच्छ झाला असला, तरी तो निर्धोक झालेला नाही. म्हणूनच दार उघडे बांधून लांबचा प्रवास करणे टाळावे आणि बंद शेडमध्ये डिकी उघडी ठेवून इंजिन चालू ठेवू नये.

दार कशाकशावर उभे असते?

दुरुस्तीपूर्वी पाच गोष्टींची ओळख करून घेतली पाहिजे. पहिली, छताच्या मागच्या कडेला असलेल्या दोन बिजागऱ्या. दाराची जागा मुळात त्या ठरवितात. दुसरी, दाराच्या खालच्या भागातील कुलूप. तिसरी, कुलूप जिला पकडते ती गाडीच्या उंबरठ्यावरील जाड सळईची कडी. चौथी, दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांतील रबरी बुचे. ती बहुतेक गाड्यांत फिरवून कमी-जास्त उंच करता येतात. पाचवी, चौकटीभोवतीची रबरी पट्टी. याशिवाय दार उचलून धरणारे गॅसचे दोन दांडे असतात. गॅरेजमध्ये त्यांना सहसा ‘शॉकर’ म्हणतात.

या दांड्यांविषयी एक गैरसमज आहे. दार वर टिकत नसेल, तर दोष दांड्यांचा असतो; दार बंद केल्यावर तिरके दिसत असेल, तर तो सहसा बिजागरीचा, कडीचा किंवा बुचांचा असतो. दांड्यांत दाबाखालील नायट्रोजन भरलेला असतो आणि वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. खानदेशात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि जानेवारीच्या पहाटे १० अंशांपर्यंत उतरतो. एवढ्या फरकाने दांड्याचा जोर सुमारे १२ टक्क्यांनी कमी-जास्त होतो. त्यामुळे उन्हाळ्यात उत्तम चालणारा जुना दांडा हिवाळ्यात दार डोक्यावर सोडू शकतो. दांडे नेहमी जोडीनेच बदलावेत. एक नवा, एक जुना असे केल्यास दाराला पीळ बसतो. जुना दांडा कापणे, तापविणे किंवा आगीत टाकणे जिवावर बेतू शकते.

निदान: पाना न उचलता

गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, डिकी रिकामी करावी. दार हळू लावून पाठीमागे उभे राहावे आणि दाराभोवतीची फट सहा ठिकाणी तपासावी: छताजवळ डावी-उजवी, मध्यावर डावी-उजवी आणि खाली डावी-उजवी. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून फटीत अलगद बसतील एवढी जाडी केली, की मापाचे साधन तयार होते. बहुतेक गाड्यांत ही फट तीन ते पाच मिलिमीटर असते. आकड्यापेक्षा ती दोन्ही बाजूंना सारखी असणे महत्त्वाचे. सहाही मापे कागदावर लिहून ठेवावीत.

त्यानंतर चौकटीचे दोन कर्ण मोजावेत. दार उघडून वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि मग उलट बाजूने टेप लावावी. दोन्ही मापे जवळजवळ सारखी आली, तर चौकट शाबूत आहे. त्यांत ठळक फरक असेल, तर गाडीचा सांगाडाच वाकलेला आहे. अशा वेळी काम तेथेच थांबवावे. वाकलेल्या चौकटीत दार जबरदस्तीने बसविल्यास काच तडकण्याची भीती असते.

तिसरी तपासणी निर्णायक आहे. कडीच्या भोवती पेन्सिलीने रेघ मारून तिचे बोल्ट काढावेत आणि कडी बाजूला ठेवावी. आता दार अलगद खाली आणावे. कडी नसताना दार बरोबर मधोमध बसले, तर बिजागऱ्या ठीक आहेत. कडीच दाराला एका बाजूला ओढत होती. कडी नसतानाही दार तिरकेच राहिले, तर दोष बिजागरीत आहे. अनेक जण ही तपासणी न करता थेट बिजागरी सैल करतात आणि एका दोषाचे दोन करून बसतात. कडी काढलेली असताना गाडी अर्थातच चालवू नये.

दुरुस्तीचा क्रम

लागणारे साहित्य फार नाही. दहा, बारा आणि चौदा नंबरचे सॉकेट पाने, स्क्रू ड्रायव्हर, कागदी चिकटपट्टी, पेन्सिल, दाराला टेकू देण्यासाठी भक्कम लाकडी दांडा आणि एक मदतनीस एवढे पुरते. काही गाड्यांत चांदणीच्या आकाराच्या खाचेचे बोल्ट असतात. त्यांना साधा पाना लावून खाच झिजवू नये. काचेसकट दाराचे वजन पंधरा-वीस किलो किंवा त्याहून अधिक भरते, म्हणून हे काम एकट्याने करू नये. दिव्यांच्या, बंपरच्या आणि छताच्या कडांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे रंगाचे टवके उडणार नाहीत. गाडीची किल्ली खिशात ठेवावी.

पहिली पायरी, रबरी बुचे पूर्ण आत फिरवून घ्यावीत. ती उंच राहिल्यास पुढची सगळी मापे फसवी येतात.

दुसरी पायरी बिजागरीची. वरच्या तपासणीत दोष तेथे आढळला असेल तरच. बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ मारावी. बोल्टची भोके मुद्दाम थोडी मोठी ठेवलेली असतात, त्यातच दार सरकविण्याची सोय असते. संपूर्ण दारच एका बाजूला सरकले असेल, तर दोन्ही बिजागऱ्यांवर ते सारखेच परत आणावे. पाठीमागून पाहताना दाराचे खालचे टोक उजवीकडे गेले असेल आणि छताजवळची फट डावीकडे जास्त असेल, तर दाराची डावी बाजू किंचित छताच्या दिशेने सरकवावी. बोल्ट अर्धाच फेरा सैल करावेत आणि एका वेळी एकाच बिजागरीचे. सगळे बोल्ट एकदम सैल केले, तर गॅसचे दांडे दाराला छतावर ढकलतात. एका वेळी एक मिलिमीटर, त्याहून अधिक नाही. आवळावे, दार अलगद लावून पाहावे, पुन्हा मोजावे.

तिसरी पायरी कडीची. कडी परत बसवून बोल्ट एवढेच आवळावेत, की हलक्या ठोक्याने ती सरकेल. दार सावकाश लावल्यावर कुलूप स्वतःच कडीला मधोमध आणते. दार जपून उघडून बोल्ट घट्ट करावेत. दाराचा खालचा भाग दोन्हीकडे सारखाच बाहेर राहत असेल, तर कडी किंचित आत घ्यावी. कुलूप लागताना दोन वेळा ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. एकच आवाज आला, तर दार अर्धेच लागले आहे आणि रस्त्यात उघडू शकते.

चौथी पायरी, बुचे पुन्हा हळूहळू बाहेर फिरवावीत. बुच आणि दार यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवून दार लावावे. ती ओढताना थोडा अडथळा जाणवला पाहिजे. पट्टी सहज निसटली, तर दार खडखडेल. फाटली, तर कुलपावर ताण येईल.

शेवटी बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. अंगातला सगळा जोर लावल्यास आटे जातात. उघड्या पडलेल्या पत्र्याला रंगाचा हात द्यावा, कुलपाला थोडे ग्रीस लावावे.

पट्टीची आणि पाण्याची परीक्षा

चौकटीभोवती हातभर अंतराने कागदाच्या पट्ट्या दारात धरून ओढून पाहाव्यात. जेथे पट्टी सैल निघेल, तेथे रबर दबले किंवा निसटले आहे. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने मगाने दारावर वरून खाली पाणी सोडावे. दाबाच्या पाइपाने पाणी मारल्यास चांगल्या पट्टीतूनही ते आत जाते आणि निष्कर्ष चुकतो. पावसाळ्यापूर्वी ही परीक्षा घेतल्यास स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचून पत्रा सडण्याचे टळते.

घरी कधी करू नये?

अपघातानंतर दार तिरके झाले असेल, तर हात लावण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे. सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी केलेली दुरुस्ती दाव्याच्या आड येऊ शकते. बटणाने उघडणारे मोटारचलित दार, पत्र्याला गेलेली चीर, बिजागरीच्या मुळाशी लागलेला गंज, ही कामे जाणकाराकडेच द्यावीत. ज्या गाड्यांत बिजागरीचे नट छताच्या अस्तराखाली असतात, तेथेही घाई करू नये. अनेक नव्या गाड्यांत छताच्या कडेने एअरबॅग बसविलेली असते. डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर तिच्या आसपास छिद्र पाडणे किंवा वेल्डिंग करणे कटाक्षाने टाळावे.

गॅरेजमध्ये जावेच लागले, तरी लिहून ठेवलेली सहा मापे आणि दोन कर्ण बरोबर न्यावेत. कारागिराला नेमका दोष दाखविता आला, तर ठोकाठोकीऐवजी दोन बोल्टांवर काम भागते की नाही, हे ग्राहकालाही कळते. आणि दार दुरुस्त झाल्यावर ते आपटण्याची सवय सोडावी. नीट बसलेले दार तळहाताच्या हलक्या दाबाने लागते. जोर लावावा लागला, की पुन्हा मोजण्याची वेळ आली असे समजावे.