‘खोटा’ आवाज, खरा गळा

वडवणी : यात्रेतला तमाशा असो की सप्ताहातले भारूड, लुगडे नेसून ‘मावशी’ किंवा गौळण झालेला पुरुष बारीक आवाजात बोलू-गाऊ लागला की हशा पिकतो, टाळ्या पडतात. तोच आवाज दहावीतल्या पोराच्या तोंडून निघाला तर त्याला चिडवले जाते. गळ्यात मात्र दोन्हीकडे साधारण सारखेच घडते.

गळ्यात काय होते?

फुप्फुसातून येणाऱ्या हवेने स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू थरथरतात आणि आवाज उमटतो. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा, तर बाईचे २०० च्या आसपास थरथरतात. पुरुष बारीक आवाज काढतो तेव्हा हे तंतू ताणले जाऊन पातळ होतात, फक्त त्यांच्या कडा थरथरतात आणि मधल्या फटीतून हवा निसटते. म्हणून हा आवाज उंच पण पोकळ लागतो. त्याला ‘फॉल्सेटो’ म्हणतात. इटालियन भाषेत ‘फाल्सो’ म्हणजे खोटा. प्रत्यक्षात तो त्याच गळ्याचा दुसरा वापर आहे.

राजाचाही आवाज

युरोपातल्या अनेक चर्चमध्ये एकेकाळी स्त्रियांना गायची मुभा नव्हती. उंच स्वर लहान मुले किंवा फॉल्सेटो गाणारे पुरुष लावत. पुढे इटलीत आवाज फुटू नये म्हणून मुलांचे वृषण काढण्याची क्रूर प्रथा आली. अशा गायकांपैकी अलेस्सांद्रो मोरेस्की यांचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. ते १९२२ मध्ये वारले. विसाव्या शतकात इंग्लंडच्या अल्फ्रेड डेलर यांनी केवळ रियाजावर हा आवाज पुन्हा रंगमंचावर आणला. १९६० मध्ये बेंजामिन ब्रिटन यांनी त्यांच्यासाठी ऑपेरात चक्क परीराजाची भूमिका लिहिली.

आपल्याकडे बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, पण त्या आपल्या मूळच्या गोड आवाजात. किशोरकुमार यांनी १९६२ च्या ‘हाफ टिकट’मध्ये एकाच गाण्यात पुरुषाचा आणि बाईचा, असे दोन्ही आवाज दिले. बारीक आवाजाचा पुरुषार्थाशी संबंध नाही, हे कलावंतांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

आवाज फुटलाच नाही तर?

साधारण १२ ते १५ वर्षांच्या दरम्यान मुलाचे स्वरयंत्र वाढते आणि आवाज फुटतो. काही मुलांचे स्वरयंत्र नीट वाढते, मिसरूडही फुटते, पण बोलण्याची जुनी सवय सुटत नाही आणि आवाज बारीकच राहतो. याला ‘प्युबरफोनिया’ म्हणतात. चिडवणे चुकवण्यासाठी मुलगा वर्गात बोलायचेच टाळतो, फोन उचलत नाही.

यावर उपाय आहे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ स्वरयंत्र तपासतात. वयात येण्याची इतर लक्षणेही दिसत नसतील तर संप्रेरकांची तपासणी लागते. स्वरयंत्र निरोगी असेल तर वाचा-उपचार तज्ज्ञ खोकणे, हुंकार, कंठमण्यावर हलका दाब अशा व्यायामांतून मूळचा जाड आवाज सापडवून देतात. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. जिल्ह्यात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात तपासणी करून घेता येते.

भजनी मंडळी, कीर्तनकार आणि सोंगाड्यांनीही गळा जपावा. गाण्याआधी पाणी प्यावे, ओरडणे आणि तंबाखू टाळावी, घसा बसला असताना उंच स्वर ताणू नये. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर काढा-गुळण्यांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.