नवजात बाळाची घरच्या घरी देखभाल
जन्मानंतरचे पहिले 28 दिवस बाळासाठी सर्वांत धोक्याचे असतात. जन्मताच श्वास न घेणे, जंतुसंसर्ग, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजन ही या काळातल्या मृत्यूंची मुख्य कारणे. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात तर पावसाळ्यात नाल्याला पूर आला, की दवाखान्याची वाटच बंद होते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने यावर 1990च्या दशकात गडचिरोलीतल्या 39 गावांत उपाय करून पाहिला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन ‘आरोग्यदूत’ केले. आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते आणि घड्याळ लावून श्वास मोजते. मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, दूध ओढणे मंदावणे ही धोक्याची लक्षणे. ही लक्षणे दिसताच, आईवडिलांच्या संमतीने, आरोग्यदूत जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत असे. तेव्हा हे मोठेच धाडस होते. तिसऱ्या वर्षी, हा उपाय न केलेल्या तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

2011 पासून देशभर आशा कार्यकर्त्या अशा गृहभेटी देतात. त्यामुळे बाळे वाचतात. पण आईचा प्रसूतीतला अतिरक्तस्राव घरी आटोक्यात येत नाही. आईसाठी रक्ताची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय जवळ हवेच.