उपस्थितीवर आधारित स्वयंचलित प्रकाशयोजना

खोलीत माणूस असेल तेव्हाच दिवा लावणाऱ्या आणि खोली रिकामी झाल्यावर तो आपोआप बंद करणाऱ्या विद्युत यंत्रणेस उपस्थितीवर आधारित स्वयंचलित प्रकाशयोजना असे म्हणतात. संवेदक, मायक्रोकंट्रोलर आणि रिले हे तिचे तीन मुख्य भाग होत. पदविका व पदवी अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांचा हा एक नेहमीचा प्रकल्प आहे. माणूस आत आल्यावर दिवा लावणे सोपे असते. खोली खरोखर रिकामी झाली आहे की आतला माणूस केवळ स्तब्ध बसला आहे, हे ओळखणे अवघड असते. यंत्रणेची बहुतेक रचना या एका प्रश्नाभोवती ठरते. ठाणे, कल्याण, डोंबिवली यांसारख्या उष्ण व दमट शहरांत हवामान आणि घरांची ठेवण यांमुळे तो अधिकच गुंतागुंतीचा होतो.

संवेदक

सर्वाधिक वापरात असलेला संवेदक निष्क्रिय अवरक्त प्रकारचा असून बाजारात तो ‘पीआयआर’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. मानवी शरीर सतत अवरक्त किरण बाहेर टाकते व त्यांची तीव्रता ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. संवेदकात पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचे दोन तुकडे शेजारीशेजारी, परंतु परस्परविरुद्ध ध्रुवांनी जोडलेले असतात. संपूर्ण खोलीचे तापमान वाढले तर दोन्ही तुकड्यांवर सारखाच परिणाम होऊन तो एकमेकांस रद्द करतो. माणूस समोरून आडवा गेला की त्याच्या शरीराची उष्णता आधी एका व नंतर दुसऱ्या तुकड्यावर पडते आणि विद्युत स्पंद निर्माण होतो. संवेदकावरील पांढरा घुमट हा अनेक लहान फ्रेनेल भिंगांचा समूह असून तो खोलीचे पट्टे पाडतो. एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाणे म्हणजेच संवेदकाच्या दृष्टीने हालचाल. त्यामुळे संवेदकाच्या दिशेने सरळ चालत येणारा माणूस त्यास आडव्या जाणाऱ्या माणसापेक्षा उशिरा कळतो, म्हणून तो दाराच्या समोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावणे श्रेयस्कर ठरते.

या तत्त्वातूनच त्याच्या मर्यादाही निघतात. संवेदकास शरीर आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानांतील फरक दिसतो. त्वचेचे पृष्ठतापमान साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याच्या छपराखालील किंवा वरच्या मजल्यावरील खोलीच्या भिंती याच तापमानास पोहोचतात. तेव्हा फरक जवळजवळ उरत नाही आणि संवेदकाचा पल्ला लक्षणीय घटतो. थंड देशांतील माहितीपत्रकांत दिलेला पल्ला येथे उन्हाळ्यात मिळेलच असे गृहीत धरू नये. उलटपक्षी, पंख्याच्या वाऱ्याने हलणारा उन्हातला पडदा रिकाम्या खोलीतही दिवा लावू शकतो.

स्तब्ध माणूस हा तिसरा आणि सर्वांत त्रासदायक प्रसंग. अभ्यासास बसलेला विद्यार्थी पाने उलटण्यापलीकडे फारशी हालचाल करीत नाही आणि काही मिनिटांत त्याच्या डोक्यावरचा दिवा जातो. अशी यंत्रणा घरात बसवून महिन्याभरात काढून टाकली जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला उपाय दारातील गणकाचा. चौकटीत काही सेंटीमीटर अंतरावर अवरक्त किरणांच्या दोन जोड्या बसवतात. बाहेरचा किरण आधी व आतला नंतर खंडित झाला तर संख्येत एक मिळवायचा, क्रम उलटा असल्यास एक वजा करायचा. प्रात्यक्षिकात ही योजना सुरेख चालते, पण घरात दोन माणसे खांद्याला खांदा लावून आत येतात, कोणी उंबऱ्यातूनच मागे फिरतो, कोणी दारात उभा राहून गप्पा मारतो आणि हिशेब चुकतो. एकदा चुकलेली संख्या आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणून केवळ गणकावर विसंबू नये. संख्या शून्य असतानाही पीआयआरला हालचाल दिसली तर संख्या एक धरावी, आणि संख्या शिल्लक असूनही दीड-दोन तास कोणतीच हालचाल नसेल तर ती शून्य करावी, हा तोडगा व्यवहारात पुरेसा ठरतो.

दुसरा उपाय २४ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या रडार संवेदकाचा. श्वासोच्छ्वासाने होणारी छातीची हालचालही त्यास जाणवते, त्यामुळे स्तब्ध माणसाचा प्रश्न बव्हंशी सुटतो. मात्र या लहरी प्लायवूडच्या पार्टिशनमधून पलीकडे जातात. लहान सदनिकेत शेजारच्या खोलीतील माणूस या खोलीचा दिवा चालू ठेवतो, तसेच छताचा पंखाही हालचाल म्हणून नोंदला जातो. पल्ला काळजीपूर्वक मर्यादित केल्याखेरीज हा संवेदक उपयोगी पडत नाही.

जोडणी

एटीमेगा३२८पी हा १६ मेगाहर्ट्झवर चालणारा, ३२ किलोबाइट स्मृतीचा मायक्रोकंट्रोलर या कामास पुरेसा असून आर्दुइनो उनो या फलकावर तोच असतो. त्याच्या एका पिनमधून कमाल ४० मिलिअँपिअर प्रवाह निघू शकतो, तर ५ व्होल्टच्या सामान्य रिलेच्या गुंडाळीस सुमारे ७० मिलिअँपिअर लागतो. म्हणून रिले पिनला थेट न जोडता मध्ये बीसी५४७ सारखा ट्रान्झिस्टर व गुंडाळीला समांतर उलटा डायोड जोडतात. डायोड नसल्यास रिले सुटताना गुंडाळीत निर्माण होणारा उच्च व्होल्टेजचा झटका ट्रान्झिस्टर निकामी करतो. एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरमधील कपॅसिटर चालू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात; त्यामुळे कमी क्षमतेच्या रिलेचे संपर्क चिकटून दिवा कायमचा चालू राहू शकतो.

दिव्याची बाजू २३० व्होल्टची असल्याने ती ब्रेडबोर्डवर कधीही जोडू नये. विद्यार्थ्यांनी संपूर्ण प्रयोग १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीवर करावा आणि घरातील प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. ठाणे परिसरातील विद्यार्थी सुटे भाग बहुधा ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, आणतात.

प्रोग्रॅमची रचना

हालचाल दिसली की त्या क्षणाची वेळ नोंदवायची, आणि शेवटच्या हालचालीनंतर ठरावीक काळ लोटला की दिवा बंद करायचा, एवढाच मूळ तर्क आहे. हा काळ मोजण्यासाठी ‘डिले’ आज्ञा वापरल्यास तेवढा वेळ मायक्रोकंट्रोलर संवेदकाकडे पाहत नाही. म्हणून मिलिसेकंदांची चालू गणती वापरतात. ती ३२ बिटांची असल्याने सुमारे ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यावर येते. चालू वेळेतून नोंदवलेली वेळ वजा करून उत्तर मुदतीशी ताडल्यास त्या क्षणीही चूक होत नाही. वेळांची थेट तुलना केल्यास होते.

दिवसा दिवा लागू नये म्हणून प्रकाशसंवेदी रोधक, म्हणजे एलडीआर, जोडतात. येथे एक सापळा आहे. दिवा लागताच त्याचाच उजेड एलडीआरवर पडतो, यंत्रणेस दिवस झाल्यासारखे वाटते, दिवा जातो, पुन्हा अंधार होतो आणि दिवा लुकलुकत राहतो. एलडीआरचे वाचन केवळ दिवा बंद असताना, तो लावावा की नाही हे ठरवण्यापुरतेच करावे. वीज जाऊन परत आल्यावर पीआयआर स्थिर होण्यास सुमारे एक मिनिट लागते. तेवढा वेळ दिवा चालूच ठेवणे सुरक्षित असते.

उपयोग व बचत

२० वॅटची एलईडी ट्यूब रोज दोन तास विनाकारण चालू राहत असेल तर वर्षाला सुमारे १५ युनिट वाया जातात. अर्धा वॅट घेणारी नियंत्रक यंत्रणा अहोरात्र चालून त्यातील ४ युनिट स्वतःच खाते. याउलट ७५ वॅटचा पंखा तेवढाच वेळ चालल्यास सुमारे ५५ युनिट खर्च होतात. कोकणपट्टीतील घरात दिव्यापेक्षा पंख्याचे नियंत्रण अधिक लाभदायक आहे, आणि प्रकल्पाच्या अहवालांत हा हिशेब क्वचितच आढळतो.

जिन्यातील दिवे हा यंत्रणेचा याहून योग्य उपयोग. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडील टेंभी नाक्यासारख्या जुन्या वस्तीत तसेच कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या भागांत लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती आजही आहेत. तेथील जिन्याचे दिवे सामायिक मीटरवर असतात आणि ते बंद करणे कोणाचेच काम नसते. ९ वॅटचे पाच दिवे रात्री १२ तास चालल्यास वर्षाला सुमारे १९७ युनिट लागतात. प्रत्येक दिवा एकूण दोन तासच लागला तर ३३. पाच संवेदक मंडलांचा खर्च २२ युनिट धरला तरी सुमारे १४२ युनिट वाचतात. जिन्यात कोणी स्तब्ध बसून राहत नसल्याने पीआयआरची मुख्य उणीवही येथे बाधत नाही. मात्र वयस्कर रहिवासी मजल्यांमध्ये थांबत थांबत चढतात, म्हणून मुदत दोन-तीन मिनिटांहून कमी ठेवू नये आणि खालच्या मजल्यावर हालचाल होताच वरचा दिवाही लावावा.

मोठ्या व्यापारी इमारतींसाठी भारताच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत ठरावीक जागांमध्ये उपस्थिती-संवेदक आवश्यक मानले असून माणूस गेल्यापासून १५ मिनिटांच्या आत दिवे बंद होणे अपेक्षित आहे. घरगुती अभ्यासाच्या खोलीसाठीही हीच मुदत सोयीची ठरते.