दुखत होतं मनगट, कारण निघालं मागच्या शॉकअपमध्ये

बेलव्ह्यूत मोटारसायकलचा मोसम तसा छोटाच. ऑक्टोबरात पावसाची जी रिपरिप सुरू होते ती थेट वसंतापर्यंत पाठ सोडत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबरमधला एकेक कोरडा शनिवार-रविवार इथले बाईकवाले सणासारखा जपतात. मीही जपतो. पुण्यात कॉलेजात असताना वरंध घाटातून महाडला जायचो. ते वेड पंचवीस वर्षांनी इथे पुन्हा उगवलं आणि एक सेकंड हँड, ६५० सीसीची गाडी दारात आली. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच.

गेल्या जुलैत ती गाडी विकायचं जवळजवळ नक्की झालं होतं. झालं असं, की हायवे २ ने स्टीव्हन्स पास ओलांडून लेव्हनवर्थला गेलो होतो. बव्हेरियन थाटाची घरं असलेलं ते पर्यटकांचं गाव अनेक वाचकांनी पाहुण्यांना घेऊन पाहिलं असेल. जाताना मजा आली. येताना घाट उतरत होतो आणि उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. हात झटकला, पुन्हा बधिर. स्कायकोमिशच्या अलीकडे एका वळणापुढे गाड्यांची रांग थांबलेली दिसली. बोटं ब्रेकवर गेली, पण आपण किती दाबतोय तेच कळेना. पुढच्या गाडीच्या मागे हातभर अंतरावर थांबलो. घरी कोणाला काही बोललो नाही; पण रात्री भांडी घासताना कप हातातून सुटला आणि बायकोला सगळं सांगावं लागलं. ती एवढंच म्हणाली, "विकून टाक."

फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की नेमकी कुठली बोटं? करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या कडेजवळून जाणाऱ्या अल्नर नसेवर दाब येतोय. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असतील तर मनगटाच्या मधोमध जाणारी मीडियन नस, म्हणजे आम्हा कीबोर्डवाल्यांचा नेहमीचा कार्पल टनेलचा मामला. माझी पहिली तऱ्हा होती. "तुम्ही हँडल धरत नाही आहात, त्यावर रेलताय," ती म्हणाली. हे ऐकायला सोपं आहे, पण का रेलतोय?

त्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आले होते. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये गेली. वय ७४, इथे करमत नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचे. माझी हकिगत ऐकल्यावर त्यांनी गाडीकडे नाही, आधी माझ्या कपाटाकडे पाहिलं. त्यात काय काय होतं! जेलचे ग्लोव्हज, मनगटाचे पट्टे, हँडलवर चढवायच्या फोमच्या जाड नळ्या. सीटवर तर चार सेंटिमीटर जाडीची जेलची गादी आधीच बांधलेली होती.

"ही गादी कशाला?"

"माकडहाड दुखायचं, बाबा."

"का दुखायचं?"

याला उत्तर नव्हतं. मग बाबा म्हणाले, "गाडी तुझ्या मापाची आहे, का आधीच्या मालकाच्या?" त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून टेप मागवली.

पुढचं ज्यांना करून पाहायचंय त्यांच्यासाठी जरा तपशिलात सांगतो. गाडी मधल्या स्टँडवर लावली, मागचं चाक अधांतरी केलं. चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर, सीटखाली खडूने एक खूण केली आणि अंतर मोजलं. मग गाडी चाकांवर उतरवली. हेल्मेट, जॅकेट, बूट असा पूर्ण जामानिमा करून मी बसलो, मुलाने पुढून गाडी सरळ धरली, बाबांनी पुन्हा मोजलं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने मागचा भाग किती दबतो ते. चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतका तो असावा, असा ढोबळ हिशेब आहे. माझ्या गाडीचं चाक ११० मिलिमीटर हलतं, म्हणजे तीसेक मिलिमीटर दबायला हवं होतं. दबत होतं १७.

बाबांनी वाकून शॉकअपकडे पाहिलं. स्प्रिंगचा ताण बदलायच्या पाच खाचा असतात. दोन्ही शॉकअप पाचव्या खाचेवर! आधीचा मालक बायकोला मागे बसवून, दोन्ही बाजूंना पेट्या लटकवून फिरायचा. मी एकटा, ६८ किलोचा. रस्त्यावरचा प्रत्येक धक्का स्प्रिंगऐवजी माझं माकडहाड झेलत होतं. त्यावर इलाज म्हणून मी गादी घातली. गादीने मी चार सेंटिमीटर वर गेलो, म्हणजे हँडल तेवढंच खाली गेलं. शिवाय गादी मागून जाड, पुढून पातळ, त्यामुळे घसरून टाकीकडे सरकायचो आणि स्वतःला मागे रेटायला तळहात वापरायचो. तळहात दुखायला लागले म्हणून जाड नळ्या. माझे हात लहान. जाड नळी धरायला मूठ आणखी आवळावी लागली. एका दुखण्यावर औषध म्हणून पुढचं दुखणं मी स्वतःच विकत आणलं होतं, तेही दोन दिवसांत घरपोच.

हुकासारख्या पान्याने दोन्ही शॉकअप दुसऱ्या खाचेवर आणले. दोन्ही सारखेच हवेत, हे विसरू नका. आता ३० मिलिमीटर दबायला लागलं. गादी आणि नळ्या काढल्या.

मग लिव्हर. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर जवळजवळ आडवे होते, त्यामुळे बोटं त्यांवर ठेवली की मनगट वर मुडपायचं. बाबांनी मला डोळे मिटून बसायला लावलं, हात सहज पुढे करायला सांगितले. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ यायला हवी. क्लॅम्पचे बोल्ट सैल करून दोन्ही लिव्हर थोडे खाली फिरवले. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. आधी हे का नाही केलं, याचं खरं उत्तर असं, की हे फिरतात हेच माझ्या गावी नव्हतं. कंपनीने लावलंय म्हणजे बरोबरच असणार!

हँडल उंच करायला २५ मिलिमीटरचे ठोकळे मी आधीच मागवले होते. बाबा म्हणाले, "एका दिवशी एकच बदल. सगळं एकदम केलंस तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही." पंधरवड्यानंतर ते लावून पाहिले. हँडल पूर्ण डावीकडे वळवल्यावर ब्रेकची नळी ताणली जात होती. लगेच काढले. हे तपासल्याशिवाय कोणी हँडल उंच करू नये. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आवाज आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची केबलही ओढली जातेय असं समजा. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या जोरानेच आवळा, अंदाजाने नको.

मान दुखायची ती काचेमुळे. वेगात असताना किंचित उठलो की हेल्मेटचा थरथराट थांबायचा, म्हणजे काचेच्या काठावरून येणारा वारा नेमका डोक्यावर आदळत होता. काच खाली केली. वारा छातीवर येतो, पण एकसारखा येतो. पाय ठेवायचे रॉड मात्र खाली घेतले नाहीत. गुडघ्याला आराम पडला असता, पण वळणावर गाडी कलल्यावर ते रस्त्याला लवकर टेकतात.

ऑगस्टअखेर पुन्हा त्याच रस्त्याने लेव्हनवर्थला जाऊन आलो. दर तासाला थांबलो, गुडघ्यांनी टाकी धरून बसलो. बोटं शाबूत. मनगट थोडं ठणकलं, ते आठवडाभराच्या टायपिंगचंही असेल. दुसऱ्या दिवशीही मुंग्या राहिल्या तर गाडीशी खेळत न बसता परत यायचं, असं फिजिओने बजावलं होतं. तशी वेळ आली नाही. बायकोने 'विकून टाक' मागे घेतलेलं नाही, पण परत म्हणालीही नाही.

आई-बाबा सप्टेंबरात पुण्याला परतले. गेल्या रविवारी फोनवर आई सांगत होती, की सोसायटीत जेवण पोचवायला येणारा एक मुलगा दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर असतो, हात सारखा झटकत जिना चढतो. बाबांनी त्याला खाली थांबवलं.

मी विचारलं, "बाबा, काय केलंत?"

"लिव्हर फिरवले. शॉकअपही बघायचा होता, पण त्याला पुढची ऑर्डर होती. मंगळवारी ये म्हटलंय."