पडतील म्हणून बसवून ठेवू नका

"आबा, तुम्ही काही करू नका. एका जागी बसून राहा, काय लागलं तर हाक मारा." घरातलं वडीलधारं माणूस एकदा पडलं की सातारा-सांगलीकडच्या घराघरात हे वाक्य सुरू होतं. मुंबईत माथाडीचं काम करणारा मुलगा पाटणच्या घरी फोन करून हेच सांगतो. विट्याकडचा गलाईवाला परराज्यातून हेच बजावतो. तासगावात सोबत राहणारी सूनही हेच म्हणते. त्यामागची माया खरी आहे आणि धास्तीही खरी आहे. सल्ला मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो इतक्या वेळा ऐकावा लागतो की आता संताप येतो.

बसवून ठेवलेल्या माणसालाही दिवसातून पाच-सहा वेळा उठावंच लागतं. लघवीला जायचं असतं, अंघोळ असते, जेवायला उठायचं असतं. फरक एवढाच, की प्रत्येक वेळी पाय आधीपेक्षा कमी ताकदीचे झालेले असतात. 2007 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. साधारण 67 वर्षांच्या निरोगी माणसांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतला सरासरी जवळपास एक किलो स्नायू कमी झाला आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे 15 टक्क्यांनी घटली. ही तर धडधाकट माणसं होती. आपल्याकडे महिना-महिना बाजेवर बसवून ठेवलेल्या, मधुमेह असलेल्या आजीचं काय होत असेल, याचा विचार करा.

दुसरं नुकसान कुणाच्या लक्षातच येत नाही. पडल्याचं सांगितलं की फिरणं बंद होणार, हे म्हाताऱ्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. मग ती सांगतच नाहीत. न्हाणीत घसरलेली आक्का कोपराचं खरचटणं पदराखाली लपवते आणि कुणी विचारलंच तर "दाराची कडी लागली" म्हणते. पहिलं पडणं हीच खरी इशाऱ्याची वेळ असते. ती निघून जाते आणि घरच्यांना कळतं ते एकदम खुबा मोडल्यावर.

मग उपाय काय? हालचाल, पण नेमकी. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेने 2019 मध्ये 108 चाचण्यांचा आढावा घेतला. घरी राहणाऱ्या 23 हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती त्यात होती. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी कमी निघालं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने घरच्या घरी करायचा व्यायामक्रम तयार केला. पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास. त्याने पडणं सुमारे 35 टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यात भाग घेणारे बरेच जण ऐंशीच्या घरातले होते.

इथे "आमचे अण्णा रोज एसटी स्टँडपर्यंत चालत जातात" असं उत्तर येतं. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलंच आहे. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असा भक्कम पुरावा नाही. तोल सुधारतो तो तोलाचं काम केल्याने. स्वयंपाकघराचा कट्टा धरून टाचा उचलायच्या. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यापुढे ठेवून उभं राहायचं. कट्ट्याच्या कडेने आडवं चालायचं. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं नि सावकाश बसायचं, असं आठ-दहा वेळा. सुरुवातीला शेजारी कुणीतरी उभं राहावं आणि चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

ताई-ची या संथ चिनी व्यायामानेही पडणं कमी होत असल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. मला त्यावरून पाउली आठवते. पाय पुढे, मागे, बाजूला, वजन या पायावरून त्या पायावर, मध्येच वळणं. माउलींची पालखी लोणंद-तरडगाव-फलटणवरून जाते तेव्हा सत्तरीतली माणसं टाळाच्या ठेक्यावर पाउली धरतात. तीच माणसं घरी परतली की पोरं त्यांना खुर्चीवरून हलू देत नाहीत.

धोका किती, हे घरीच तपासता येतं. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर तोलाकडे लक्ष द्यायलाच हवं. अशा वेळी भौतिकोपचार तज्ज्ञाला गाठा. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो आणि कराडला तर भौतिकोपचाराचं महाविद्यालयच आहे.

"घरात काय व्हायचंय, बाहेर जाऊ नका म्हणजे झालं" हाही तसाच भ्रम. घरात होण्यासारखं बरंच असतं. जुन्या घरात वीतभर उंच उंबरा, सोप्यातून माजघरात उतरताना एक बेसावध पायरी, आणि संडास परड्यात. पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडे त्या वाटेवर शेवाळ धरतं. पोरांनी हौसेने बांधलेल्या नव्या बंगल्यात चकचकीत टाइल्स असतात आणि बाथरूमच्या दाराशी सरकणारं पायपुसणं. कॉक्रेनच्याच 2023 च्या आढाव्यात, घरातले धोके दूर केल्याने पडणं 26 टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्यांना धोका जास्त त्यांच्यात 38 टक्क्यांनी. त्यासाठी घर पाडावं लागत नाही. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा, टॉवेलची दांडी नव्हे, ती हातात निघून येते. पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढा. अंथरुणापासून संडासापर्यंत रात्रभर एक छोटा दिवा राहू द्या आणि उशाशी बॅटरी. जाग आल्यावर एकदम उभं न राहता मिनिटभर कडेला बसावं, कारण उभं राहताच रक्तदाब घसरतो. झोपेच्या, रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी तो धोका वाढतो. सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवा. मनाने बंद मात्र करू नका.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

"अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा." अर्धा लिटर पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, बाकी पाणी. त्यातून पायांत ताकद येत नाही.

"ड जीवनसत्त्वाचा एकच मोठा डोस घेतला की वर्षभर चिंता नाही." ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, तर त्या 15 टक्के जास्त पडल्या. हा अभ्यास 2010 चा आहे.

"मोतीबिंदू अजून पिकायचाय." पिकायची वाट पाहायची गरज नाही. सत्तरीपुढच्या स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केल्याने पडण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी घटल्याचं ब्रिटनमधल्या 2005 च्या चाचणीत दिसलं.

"काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची." उलट्या हातात धरायची. मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर हवी आणि खाली रबरी बूच हवंच. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, दोन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी तीन हजार रुपये एकदाच खात्यावर मिळतात.

"या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, घरीच ठेवू." पडल्यावर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडलेला असण्याची दाट शक्यता असते. मालिश करू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. त्याच दिवशी मिरज, कराड, सातारा, जिथे अस्थिरोगतज्ज्ञ असतील तिथे न्या. शस्त्रक्रिया शक्यतो 48 तासांत व्हावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि माणूस दगावतो तो बहुतेकदा त्यानेच. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं करतात, तेव्हा नातेवाइकांनी "राहू द्या, दुखतंय त्यांना" म्हणून अडवू नये. घरी सोडण्याआधी पायावर किती भार द्यायचा ते सर्जनना विचारा आणि रोजचे व्यायाम कागदावर लिहून घ्या.