कारल्याचा कडूपणा काढायचा किती आणि ठेवायचा किती?

जुन्नर/आंबेगाव : कारल्याची भाजी बिघडते ती बहुतेक वेळा कडूपणामुळे नाही, तर कडूपणाच्या भीतीने. कारली मिठात दोन-दोन तास ठेवायची, पिळून त्यांचा चोथा करायचा, वर पुन्हा उकळून घ्यायची आणि एवढं करूनही कडू लागतील म्हणून गुळाचा मोठा खडा टाकायचा. ताटात येतो तो चिंच-गुळाचा लगदा. घरातल्या जुन्या बाया असं करत नाहीत. त्यांच्या हिशेबाने कारलं थोडं कडू लागलंच पाहिजे, फक्त ते कडूपण घशात रेंगाळता कामा नये.

या दोन तालुक्यांना कारलं नवीन नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांचं पाणी जिथवर गेलं तिथवर तरकारी वाढली. टोमॅटो निघाला की त्याच तार-काठीवर कारल्याचा वेल चढवणारे शेतकरी आहेत, म्हणजे बांबू, तार आणि ठिबकचा खर्च दोन पिकांवर विभागला जातो. लागवडीपासून साधारण दोन महिन्यांत तोडा सुरू होतो आणि मग दर दोन-तीन दिवसांनी तोडावंच लागतं. एखादा तोडा लांबला की फळ फुगतं, बी टणक होतं, टोकाकडून पिवळं पडायला लागतं आणि व्यापारी ते बाजूला काढतो. हे बाजूला पडलेलं कारलंच पुष्कळदा शेतकऱ्याच्या घरी शिजतं. चांगला माल वाशीला, राहिलेला चुलीवर, ही तरकारीवाल्यांच्या घरची जुनीच रीत.

पण भाजी चांगली व्हायची तर सुरुवात कारलं निवडण्यापासूनच होते. कारलं कोवळं हवं, हिरवंगार हवं, दाबल्यावर कडक लागायला हवं. हातात हलकं, पोकळ लागलं तर आत बी झालेलं असतं. पांढरट, मऊ उंचवट्यांची कारली चवीला सौम्य आणि कुंपणावरची बुटकी गावठी कारली जास्त कडू, असा बायकांचा अनुभव आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हिरकणी, फुले ग्रीन गोल्ड, फुले प्रियांका या जाती दिल्या, दापोलीने कोकण तारा दिली. तरी बाजारात आता खासगी कंपन्यांचं संकरित वाणच जास्त दिसतं.

वाकडं, एका बाजूने दबलेलं कारलं घेताना जरा बघून घ्यावं. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, अळी आतला गर खात राहते आणि फळ तिथं वाकतं. शेतात त्यासाठी क्यू ल्युरचे सापळे लावतात, घरात मात्र उभं चिरून बघणं एवढाच उपाय. ही माशी किती महागात पडते ते 1 मे 2014 ला कळलं. मालात किडी सापडल्यामुळे युरोपीय संघाने त्या दिवसापासून भारतातून येणारा आंबा बंद केला आणि त्याच्यासोबत चार भाज्याही बंद केल्या. त्यांत कारलं होतं. बोभाटा हापूसचा झाला, कारल्याचं नाव फारसं कुणी घेतलं नाही.

आता कडूपणाचं. कारल्यात मोमोर्डिसिन आणि त्याच्या जातीची इतर कडू द्रव्यं असतात. मीठ लावलं की फोडीतलं पाणी बाहेर सुटतं आणि त्याच्याबरोबर थोडा कडूपणाही येतो. शिवाय खारट चवीमुळे जिभेला कडू कमी जाणवतं, म्हणजे मिठाचं काम दुहेरी आहे. वीस मिनिटं ते अर्धा तास पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर फोडी लेच्यापेच्या होतात आणि पाण्यासोबत जीवनसत्त्वही जातं. पाठ खरवडावी की नाही यावर घराघरात वाद आहेत. कोवळ्या कारल्याचे उंचवटे काढायची गरज नसते, ते तळल्यावर खरपूस होतात. निबर कारलं असेल तर वरवर खरवडावं. चिंच आणि गूळ कडूपणा काढत नाहीत, झाकतात. आणि तेलात नीट परतल्याशिवाय यातलं काहीच कामाला येत नाही.

चार-पाच माणसांच्या रस्स्याला अर्धा किलो कारली घ्यावीत. धुवून, पुसून पातळ चकत्या कराव्यात. कोवळ्या बिया राहू द्याव्यात, टणक काढाव्यात. चमचाभर मीठ आणि थोडी हळद चोळून ठेवावं, मग मुठीत हलक्या हाताने पिळून घ्यावं. कपडा पिळल्यासारखं पिळलं तर चकत्या मोडतात. कढईत तीन-चार चमचे तेल तापवून चकत्या झाकण न ठेवता परताव्यात. झाकण ठेवलं की वाफेने त्या गिळगिळीत होतात. कडा तांबूस झाल्या की काढून ठेवाव्यात. त्याच तेलात जिरं-मोहरी टाकावी. कांदा, सुकं खोबरं, लसूण, आलं भाजून केलेलं वाटण त्यात घालून तेल सुटेपर्यंत परतावं. मग घरचा काळा मसाला दोन चमचे आणि शेंगदाण्याचं कूट अर्धी वाटी. गरम पाणी ओतून उकळी आली की चकत्या सोडाव्यात आणि आठ-दहा मिनिटं मंद आचेवर ठेवावं. चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी. आंबट आधी पडलं तर कारलं लवकर मऊ होत नाही, हे पुष्कळ नव्या सुनांना कुणी सांगत नाही. मीठही शेवटी चाखूनच घालावं, कारण चकत्यांमध्ये ते आधीच मुरलेलं असतं. कढई लोखंडी असेल तर चिंच पडल्यावर भाजी तिच्यात ठेवू नये, दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर काळी पडते आणि लोखंडाची चव लागते.

पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात, जिथं हिरड्याची झाडं आहेत आणि खुरासणी पिकते, तिथं शेंगदाण्याऐवजी भाजलेल्या खुरासणीचं कूट घालतात. रस्सा काळपट होतो पण दाट होतो आणि कारल्याला ती चव जास्त शोभते. खुरासणीला कारळे म्हणतात, त्यामुळे शहरातून आलेल्या पाहुण्याला कारळ्याची चटणी म्हणजे कारल्याची चटणी वाटते आणि तो ताट मागे सारतो. सोबत बाजरीची भाकरी असेल तर या रश्शाला दुसरं काही लागत नाही.

भोंडल्याच्या गाण्यात माहेरी निघालेल्या सुनेला सासू कारल्याचा वेल लावायला सांगते. वेल लावला की फुलाची वाट, फुलानंतर कारल्याची, मग भाजीची. सुनेला अडवून ठेवायला दुसरी कुठलीही भाजी चालली असती, पण गाणाऱ्या बायांनी कारलंच निवडलं. वेल लावल्यापासून कारलं लागेपर्यंत किती दिवस जातात ते त्यांना चांगलं माहीत होतं.

आता गावागावात कारलं जास्त आठवतं ते शुगरवाल्यांना. घरात कुणाला मधुमेह निघाला की दुसऱ्या दिवसापासून कारल्याची भाजी सुरू होते आणि गंमत अशी की तिच्यात गूळही पडतो. शुगरवाल्यासाठी भाजी करायची तर गूळ सोडावा. कांदा चांगला तांबूस परतला की त्याचाच गोडवा येतो, कूट थोडं वाढवावं, चिंचेऐवजी ताक वापरलं तरी चालतं. पिळून निघालेलं हिरवं पाणी काही घरांत औषध म्हणून प्यायला देतात. त्यात चमचाभर मीठ असतं. रक्तदाबाच्या माणसाला ते देऊ नये.

भाजीपुरतं ठीक आहे. गडबड होते ती रसाची. कारल्यात साखर उतरवणारी द्रव्यं आहेत, हे खोटं नाही. पण ती औषधाची जागा घेतात का, हे तपासलेल्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात चार चाचण्या आणि 479 रुग्ण होते, आणि कारल्याची शिफारस करावी इतका पुरावा त्यातून मिळाला नाही. तरी गोळ्या बंद करून सकाळी पेलाभर रस घेणारी माणसं दोन्ही तालुक्यांत भेटतात. उलटंही होतं. गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशीपोटी भरपूर रस घेतला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. रस घ्यायचाच असेल तर डॉक्टरला सांगून घ्यावा. गरोदर बाईने तो घेऊ नये.

त्याहून मोठा धोका कारल्यात दुधी मिसळण्याचा. कारलं कडूच असतं, पण दुधी कधी कडू नसतो. तो कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं. 2010 साली दिल्लीत एका माणसाचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस पिऊन मृत्यू झाला, त्याची पत्नीही आजारी पडली. रस कडू लागला, पण तो कारल्याचाच असेल असं कुणालाही वाटलं असतं. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली. तिचं सांगणं असं की दुधीचा रस दुसऱ्या कशातही मिसळू नये, रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून बघावा, कडू लागला तर पूर्ण फळ फेकून द्यावं. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थ वाटलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा, आणि काय प्यायलं, किती प्यायलं, ते डॉक्टरला आधी सांगावं.